राजदूतला पिस्टन शोधताना

समुद्रपूर तालुक्यात कुठल्याही गावी जा, गिरडला, मांडगावला, नंदोरीला किंवा कोऱ्याला. कोठ्याच्या कडेला, कुटाराच्या ढिगाआड, फाटक्या ताडपत्रीखाली एखादी राजदूत अजून उभी असते. कुणाकडे येझदी असते, कुणाकडे आरएक्स १००. याच गाड्यांवर दुधाचे कॅन गेले, खताची पोती आली, पोरांना तालुक्याच्या शाळेत सोडलं गेलं. मग कधीतरी इंजिन जाम झालं, "पार्ट मिळत नाही" असं कुणीतरी सांगितलं आणि गाडी जागीच राहिली. आता घरातल्या तरुण मुलाला ती चालू करायची असते. तो मिस्त्रीकडे जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "पार्ट भेटते का?"

बहुतेक पार्ट मिळतात. अडचण येते ती पुढे. "राजदूतचा पिस्टन" म्हणून पुडक्यात जे मिळतं, ते तुमच्या राजदूतला बसेलच याची खात्री नसते. पुडक्यावरचं नाव हे विकणाऱ्याचं म्हणणं झालं, पार्ट बसतो तो मापाने. म्हणून या लेखात माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जुना पार्ट जपा, त्याचं माप घ्या आणि त्या मापाने नवा शोधा. तुटलेला पिस्टन, घासलेली रिंग, कडक झालेलं ऑइल सील, यातलं काहीही भंगारात जाऊ देऊ नका. इंजिन खोललं जाईल त्या दिवशी मिस्त्रीच्या शेजारी बसा. सोबत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर ठेवा. जो पार्ट जिथून निघाला त्याचं नाव आणि बाजू, म्हणजे मॅग्नेटची की क्लचची, पिशवीवर लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. फोटोत माप दिसत नाही.

त्याही आधी, आपल्या हातात नेमकं कोणतं इंजिन आहे ते कळायला हवं.

राजदूत १७५ ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. तिचं मूळ पोलंडच्या एसएचएल एम११ या मोटरसायकलीत आहे. सिलिंडरचा व्यास ६१ मिमी, पिस्टनची धाव ५९.५ मिमी, त्यातून १७३ सीसी. ही गाडी चार दशकांच्या आसपास बाजारात राहिली आणि एवढ्या काळात तिच्यात बारीकसारीक बदल होत गेले. त्यामुळे काकांच्या १९७० च्या गाडीतून निघालेला भाग शेजाऱ्याच्या १९९० च्या गाडीला जसाच्या तसा बसेल, असं गृहीत धरू नका. एस्कॉर्ट्स आज ट्रॅक्टर बनवते. कंपनीच्या दारात राजदूतचा पिस्टन मागण्यात अर्थ नाही.

जावा आणि पुढे येझदी या म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या. तिथलं उत्पादन १९६१ ला सुरू झालं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीच्या या इंजिनाचा व्यास ६५ मिमी आणि धाव ७५ मिमी. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण नवी पिढी हमखास तिथेच फसते. २०१८ पासून जावा आणि २०२२ पासून येझदी ही नावं पुन्हा शोरूममध्ये आली आहेत. पण या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, पाण्याने थंड होणाऱ्या आहेत. टाकीवरचं नाव सोडलं तर जुन्या इंजिनाशी त्यांचं काही नातं नाही. नव्या शोरूममधून जुन्या येझदीसाठी इंजिनाचा एकही पार्ट मिळणार नाही.

यामाहा आरएक्स १०० ची गोष्ट वेगळी. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या या गाडीला आज इतकी मागणी आहे की पार्ट सगळीकडे मिळतात, आणि त्यातले पुष्कळसे नकली असतात. तिचा व्यास ५० मिमी आणि धावही ५० मिमी. पुढे आलेल्या आरएक्स १३५ ची धाव तीच, व्यास मात्र ५८ मिमी. दोन्ही इंजिनं बाहेरून सारखी वाटतात, म्हणून दुकानदाराशी बोलताना नुसतं "आरएक्स" म्हणू नका.

यामाहाच्या पार्टला एक मोठी सोय आहे. तिच्या पार्ट नंबरात पहिली तीन अक्षरं मॉडेलची, मधले पाच आकडे भागाचे आणि शेवटचे दोन आकडे सुधारणेचे असतात. मधले आकडे ११६३१ असतील तर तो मूळ साइजचा पिस्टन आणि ११३११ असतील तर सिलिंडर. आरएक्स १०० च्या मॉडेलची मूळ अक्षरं १एल१. जुन्या दुकानात धूळ खात पडलेल्या खोक्यावर हा नंबर नीट वाचता आला, तर दुकानदारालाच माहीत नसलेला माल तुमच्या हाती लागू शकतो.

आता पिस्टनकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

या तिन्ही जुन्या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन हा नुसता वर-खाली जाणारा दांडका नसतो. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. इंधन आत यायचं आणि धूर बाहेर जायचा तो त्याच खिडक्यांतून, आणि त्या उघडतात-बंद होतात त्या पिस्टनच्या अंगाने. फोर-स्ट्रोकमध्ये जे काम व्हॉल्व्ह करतात ते इथे पिस्टन करतो. म्हणून व्यास जुळला तरी पिस्टनची उंची एक-दीड मिलिमीटरने चुकली तर खिडक्या वेळेवर उघडत नाहीत. गाडी चालू होते, पण ओढत नाही, तापते, आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो.

नवा पिस्टन हातात आला की जुन्याच्या शेजारी ठेवा आणि सावकाश पाहा. गजन पिनच्या भोकाचा मध्य माथ्यापासून किती अंतरावर आहे ते दोन्हींत मोजा. पिनचा व्यास मोजा. खालच्या स्कर्टची लांबी सारखी आहे का, स्कर्टला असलेली भोकं किंवा कापलेली खाच त्याच जागी आहे का, रिंगच्या खोबणी किती आणि किती रुंद, हे बघा. प्रत्येक खोबणीत एक बारीक खुंटी असते. रिंगचं तोंड तिथे अडकून राहतं, म्हणजे ते फिरत-फिरत खिडकीसमोर येत नाही. ही खुंटी जुन्या पिस्टनमध्ये ज्या कोनात आहे त्याच कोनात नव्यात हवी. ती सरकलेली असेल तर रिंगचं टोक खिडकीत अडकून तुटतं, आणि तुटलेला तुकडा ब्लॉक, पिस्टन आणि हेड तिन्ही खातो. शेवटी दोन्ही पिस्टन वजनकाट्यावर ठेवा. सोनाराकडचा काटा असला तर उत्तम. नवा बराच जड निघाला तर क्रँकचा तोल बिघडतो, आणि हँडल इतकं थरथरतं की हात बधिर होतात.

व्यास मोजण्याचीही रीत आहे. पिस्टन गोल दिसतो, पण तो किंचित अंडाकृती असतो, आणि वर निमुळता. म्हणून त्याचा व्यास स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात मोजायचा असतो. माथ्याला व्हर्निअर लावून "साइज कमी आहे" म्हणणाऱ्या माणसाकडून माप घेऊ नका. ब्लॉकचं माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यावं लागतं. त्यासाठी साधा व्हर्निअर पुरत नाही, बोअर गेज लागतो. ज्या लेथवाल्याकडे बोअर गेज आणि मायक्रोमीटर नाही त्याला ब्लॉक देऊ नका.

पिस्टन साइजमध्ये मिळतात: मूळ माप, मग ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीने मोठे. साइजचा आकडा बहुतेक वेळा माथ्यावर कोरलेला असतो. जुन्या पिस्टनवर ५० लिहिलेलं असेल, तर तुमचा ब्लॉक आधी दोनदा मोठा झालेला आहे किंवा कुणीतरी एकदम दुसऱ्या साइजला नेला आहे, असा त्याचा अर्थ. १०० लिहिलेलं असेल तर पुढे जागा फारशी उरली नाही. मग लायनर बदलून पुन्हा मूळ मापावर यावं लागेल. ते काम खर्चाचं असलं तरी जुना ब्लॉक वाचवण्याचा तो चांगला मार्ग आहे, फक्त नव्या लायनरमध्ये खिडक्या मूळ मापाच्याच कापल्या गेल्या पाहिजेत.

क्रम कधीही उलटा करू नका. आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक बोअरला द्या, आणि सोबत तोच पिस्टन द्या. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते आणि ती प्रत्येक इंजिनाची वेगळी. आधीच "दुसऱ्या साइजला" बोअर करून ठेवलेल्या ब्लॉकमध्ये नंतर आलेला दुसऱ्या कंपनीचा पिस्टन घट्ट बसू शकतो, नाहीतर खडखडू शकतो. घट्ट बसलेला पिस्टन पहिल्याच लांबच्या फेरीत धरतो.

बोअर होऊन आलेला ब्लॉक हातात घ्या आणि प्रत्येक खिडकीच्या काठावरून बोट फिरवा. काठ पात्यासारखा लागला तर तो ब्लॉक परत द्या. बोअरिंगनंतर खिडक्यांचे काठ धारदार होतात, ते बारीक घासून गोलवावे लागतात. दिवसभर फोर-स्ट्रोकचे ब्लॉक करणाऱ्या कारागिराच्या हातून ही पायरी राहून जाते, कारण फोर-स्ट्रोकला खिडक्याच नसतात. भिंतीवर होनिंगच्या आडव्या-तिरप्या बारीक रेघा दिसायला हव्यात. तेल त्या रेघांत थांबतं. मग नवी रिंग नुसतीच ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. आरएक्ससारख्या लहान व्यासाला ती ढोबळमानाने ०.१५ ते ०.३५ मिमी असावी. मोठ्या व्यासाला थोडी जास्त चालते. पिस्टनच्या माथ्यावर बाण असेल तर तो सायलेन्सरच्या बाजूला करायचा.

हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमुळे लेथची कामं करणारी माणसं आहेत. पण टू-स्ट्रोकचा ब्लॉक करण्याची सवय कोणाला आहे, हे गॅरेजवाल्यांना विचारूनच ठरवा. जवळ मिळालं नाही तर जामच्या चौरस्त्यावरून नागपूरची बस धरा. बोअरचे दोनशे-चारशे रुपये वाचवण्यात हशील नाही.

ऑइल सील आणि बेअरिंग यांबद्दल मात्र चांगली बातमी आहे. यांच्यासाठी राजदूतचं किंवा येझदीचं दुकान शोधत हिंडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि तो जगभर सारखा असतो. ६२०४ घ्या. शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो: ०४ गुणिले ५, म्हणजे २० मिमी. त्याचा बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिमी. ६३०४ चं भोकही २० मिमीच, पण बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. म्हणजे एक आकडा वाचायला चुकला तर बेअरिंग शाफ्टवर चढेल आणि केसिंगमध्ये जाणार नाही. जुन्या बेअरिंगवरची काजळी रॉकेलने धुऊन नंबर वाचा आणि शेपटीतली अक्षरंही टिपून घ्या. सी३ लिहिलेलं असेल तर नवंही सी३ च घ्या. त्यात गोळ्यांना जरा मोकळी जागा असते, आणि तापलेल्या क्रँकला ती लागते. साधं बेअरिंग तापल्यावर आवळलं जातं. दोन्ही बाजूंना रबराची झाकणं असलेलं बेअरिंग क्रँकला घालू नका. टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलसोबत आलेल्या तेलातून, आणि झाकण ते तेल बाहेरच अडवतं.

असं बेअरिंग पंप, ट्रॅक्टर आणि जिनिंगच्या यंत्रांचे बेअरिंग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतं. मोटरसायकलच्या दुकानातल्या नाव नसलेल्या बेअरिंगपेक्षा तिथला नामांकित कंपनीचा माल मला जास्त भरवशाचा वाटतो. खोकं मात्र नीट पाहा, कारण नामांकित बेअरिंगच्याही नकला निघतात. छपाई पुसट असेल, बेअरिंगवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळत नसेल, किंमत फारच कमी असेल, तर सोडून द्या. आणि बसवताना केसिंग गरम करायला सांगा. ॲल्युमिनियम पसरतं आणि बेअरिंग आपोआप जागी उतरतं. हातोडीने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग बसवतानाच जायबंदी होतं.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. २५-४०-७ असं लिहिलेलं असेल तर तेच तीन आकडे घेऊन जा. रबर कशाचं आहे तेही विचारा. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. व्हिटॉन जातीचं सील मिळालं तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या. ते उष्णताही जास्त सोसतं. ज्या बाजूला सीलची स्प्रिंग दिसते ती बाजू क्रँककेसच्या आतल्या दाबाकडे करायची.

क्रँकच्या दोन सीलांपैकी कोणतं गेलं आहे ते इंजिन न खोलताही बऱ्याचदा ओळखता येतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप भणभणतं. असं इंजिन तसंच पळवलं तर पिस्टन धरतो. मग माणसं नवा पिस्टन घालतात, सील तसंच राहतं आणि नवा पिस्टनही धरतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल क्रँककेसमध्ये शोषलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. धूर बघून "रिंग गेल्या" म्हणणाऱ्याला आधी गिअर ऑइल मोजायला सांगा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची दोन्ही सीलं मात्र न बघता बदला. रबर न वापरताही म्हातारं होतं.

क्रँकचं काम घरगुती नाही. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली ओढून पाहा. त्या दिशेने अजिबात खेळ जाणवायला नको. आडवा थोडा खेळ असतोच, तो असायलाही हवा. त्याला घाबरून रॉड बदलू नका. बदलायचाच असेल तर मूळ गाडीचा रॉड किट शोधा. तो मिळाला नाही की काही कारागीर दुसऱ्या गाडीचा रॉड सुचवतात. तेव्हा तीन मापं विचारा: दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, मोठ्या टोकाच्या पिनचा व्यास आणि त्या टोकाची रुंदी. मध्यांतलं अंतर मिलिमीटरने जरी बदललं तरी पिस्टन हेडला टेकू शकतो, किंवा खिडक्यांचं गणित मोडतं. क्रँक प्रेसवर जोडून झाल्यावर तो व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने सरळ केला का, हे स्वतः उभं राहून पाहा. सुई मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशापलीकडे हलत असेल तर काम पुरं झालेलं नाही.

पॅकिंगचं लोकांना काही वाटत नाही, पण ब्लॉकखालचं पॅकिंग जाड झालं की सगळा ब्लॉक तेवढा वर उचलला जातो, आणि त्यासोबत खिडक्याही. मूळ जाडीचंच पॅकिंग घ्या. तयार मिळालं नाही तर त्या जाडीचा पॅकिंगचा कागद आणून ब्लॉकच्या छापावरून कापता येतो. क्लच प्लेटसाठी बाहेरचा व्यास, जाडी आणि दात मोजा. पॉइंट आणि कंडेन्सर घेताना गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची ते सांगा.

कार्बोरेटरचा जुना माल सापडेना म्हणून बाजारात मिळणारा कोणताही "युनिव्हर्सल" कार्बोरेटर लावण्याचा मोह होतो. निदान तोंडाचा व्यास आणि मुख्य जेटचा नंबर तरी मूळचा जुळवा. माझं मत विचाराल तर जुना कार्बोरेटर शक्य तोवर सोडू नये. तो धुऊन, जेट, फ्लोटची सुई आणि पॅकिंग बदलून बहुतेक वेळा चालतो. इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण किंचित पातळ होतं, म्हणून प्लग पांढराफटक निघत असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा घालून पाहायला हरकत नाही. प्लगचं टोक चॉकलेटी निघालं की समजा जमलं.

माल शोधायचा कुठे? सुरुवात घराजवळून करा. समुद्रपूर, हिंगणघाट आणि वर्धा इथल्या जुन्या गॅरेजांत आणि स्पेअरच्या दुकानांत जा, आणि काउंटरवरच्या तरुणाला विचारून परत फिरू नका. दुकान ज्याने उभं केलं तो म्हातारा माणूस दुपारी येत असेल तर दुपारी जा. माळ्यावर काय पडलं आहे ते त्यालाच माहीत असतं. मोबाइलवरचा फोटो पुढे केला की तो हमखास म्हणतो, "भाऊ, नुसत्या फोटोनं नाही जमत, सँपल आना." म्हणून जुना पार्ट खिशात पाहिजे. त्यानंतर नागपूर. तिथेही नाही मिळालं तर पुण्याची नाना पेठ दुचाकीच्या स्पेअर पार्टसाठी प्रसिद्ध आहे, आणि दिल्लीच्या करोल बागेत मोटरसायकलच्या पार्टची मोठी बाजारपेठ आहे. तिथून माल पार्सलने येतो. जावा-येझदीवाल्यांना आणखी एक आधार आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातल्या शहरांत जावा-येझदीचे मालक आपापल्या गाड्या घेऊन जमतात. कोणाकडे चांगला माल आहे आणि कोणता पिस्टन टिकतो, हे तिथे चालवणाऱ्याच्या तोंडून कळतं. जुन्या जावाचे काही भाग चेक प्रजासत्ताकात आजही नव्याने बनतात, पण टपाल आणि सीमाशुल्क धरून किंमत कुठे जाते ते आधी पाहा.

लांबच्या विक्रेत्याकडून मागवताना पैसे पाठवण्याआधी पार्टवर व्हर्निअर लावलेला फोटो मागा, आकडा दिसेल असा. खरा व्यापारी तो देतो. "ओरिजिनल", "कंपनी माल", "जुना स्टॉक" हे शब्द ऐकून घ्या आणि माप विचारा. जुना स्टॉक म्हणजे चांगलाच, असंही नसतं. तीस वर्षं खोक्यात पडलेला पिस्टन चालतो, पण तेवढंच जुनं सील चालत नाही. तालुक्यात आणखी दोघातिघांकडे तीच गाडी असेल तर मिळून मागवा. एक गाडी दाता होऊन अर्धं इंजिन देते आणि उरलेल्या दोन चालू होतात, असंही घडू शकतं.

अर्धं इंजिन घेताना मात्र कागदपत्रं सांभाळा. भंगारातून अख्खं इंजिन किंवा नंबर असलेलं केसिंग घेतलं तर त्या गाडीचे कागद आणि विक्रीची पावती मागा. नंबर खरवडलेला दिसला तर हात लावू नका. ते चोरीचं निघालं तर त्रास तुम्हालाच आहे. पिस्टन, रिंग, बेअरिंग, सील बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. आरएक्स १०० ला १३५ चा ब्लॉक लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की आरसीवर ९८ सीसीच लिहिलेलं आहे.

गाडी फारच जुनी असेल तर मूळ इंजिन राखण्याला आणखी एक कारण आहे. २०२१ पासून केंद्राच्या नियमांत विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी तिला पात्र ठरते. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले असतील तर नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण अशी गाडी रोज शेतावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची मुभा आहे. ज्यांना राजदूत रोज चालवायची आहे त्यांनी वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात जाऊन नेहमीच्या आरसीचं नूतनीकरण करून घेणंच बरं.

इंजिन बांधून झालं की पहिले पाचशे किलोमीटर घाई करू नका. राजदूत किंवा येझदीला या काळात पेट्रोलच्या लिटरमागे ५० मिली टू-स्ट्रोक तेल घाला, नंतर ४० वर या. आरएक्स १०० ला तेलाचा पंप आहे. तो खरंच तेल पाठवतो का, नळीत हवा अडकली आहे का, हे पाहिल्याशिवाय गाडी गावाबाहेर नेऊ नका. खात्री होईपर्यंत टाकीतही थोडं तेल मिसळलेलं बरं. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या वर एकसारखा धरून ठेवू नका. जामच्या महामार्गावर तर इतक्यात नकोच, गिरडच्या रस्त्याने थांबत-थांबत न्या. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी लांबवर सोडू नका, कारण पेट्रोल थांबलं की त्यासोबतचं तेलही थांबतं. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट पुन्हा एकदा आडव्या-तिरप्या क्रमाने कसा. महिनाभर गाडी लागणार नसेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तेच पाणी आत गंज धरवतं.

एका कागदावर पिस्टनची कंपनी आणि साइज, बोअरचं नेमकं माप, क्रँकच्या दोन्ही बेअरिंगचे नंबर, दोन्ही सीलांचे तीन-तीन आकडे आणि मुख्य जेटचा नंबर लिहा. काम कोणी केलं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. त्याची झेरॉक्स मिस्त्रीला द्या आणि मूळ कागद आरसीसोबत त्याच पिशवीत ठेवा.